परका पुर्जा, आपली जबाबदारी

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो,

या पानावर मी आजवर सूत, कापड, उधारी, दलाली अशा आपल्या रोजच्या विषयांवर लिहीत आलो. आज मोटारीवर लिहितो आहे, आणि तीही स्पोर्ट्स कारवर, याचे काहींना नवल वाटेल. कापडवाल्याचा मोटारीशी संबंध काय, असे कोणी विचारले तर ते विचारणेही रास्तच आहे.

संबंध असा. ईदनंतर आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण माझ्या दुकानात आला. त्याचे वालिद आमच्या कारखान्यात सांच्यांचे फिटर होते. अल्लाह त्यांची मगफिरत करो. मुलगा सहा वर्षे शारजाला एका गॅरेजमध्ये काम करून परत आला आहे. शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथे त्याचा हात तयार झाला. आता त्याला इथे स्वतःचे गॅरेज टाकायचे आहे. साध्या दुरुस्तीचे गॅरेज त्याला नको आहे. शौकीन लोकांच्या स्पोर्ट्स कार घ्यायच्या, एका मॉडेलचे इंजिन, दुसऱ्याचे ब्रेक, तिसऱ्याचा गिअरबॉक्स जुळवायचा आणि गाडी अधिक वेगवान, अधिक मजबूत करून द्यायची, असा त्याचा धंदा. त्याला भांडवल हवे होते, पण व्याजाचे नको होते. पैसा माझा, मेहनत त्याची, नफा ठरलेल्या वाट्याने, म्हणजे ज्याला आपण मुदारबत म्हणतो तो व्यवहार त्याने मांडला.

मी त्याला लगेच होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. चार जाणकारांना भेटलो, कायदा समजून घेतला, या कामाचा इतिहास वाचला. त्यातून जे मत झाले ते आज आपल्यापुढे ठेवतो. असे हुन्नरी तरुण मुंबई, पुणे, भिवंडी, मालेगाव, सोलापूर सगळीकडे आहेत, आणि त्यांच्या पाठीशी पैसा लावायचा की नाही हा प्रश्न माझ्यासारख्या अनेकांपुढे येणार आहे.

हुन्नर खरा आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, एका गाडीचा पुर्जा दुसऱ्या गाडीला बसवणे हे अडाण्याचे काम नाही. लोक त्याला 'जुगाड' म्हणून हसतात. पण हसणाऱ्यांना त्यातला हिशेब माहीत नसतो.

त्या तरुणाने मला जपानच्या माझदा कंपनीच्या एमएक्स-५ या गाडीचे उदाहरण दिले. ही दोन माणसांची, उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार १९८९ साली बाजारात आली. सुरुवातीला तिला १.६ लिटरचे इंजिन होते. पुढे १९९३ मध्ये कंपनीने तिला १.८ लिटरचे इंजिन दिले आणि त्याबरोबर ब्रेकच्या डिस्क मोठ्या केल्या, मागचे डिफरन्शियलही अधिक दणकट केले. झाले असे की, पहिली १.६ ची गाडी ज्यांच्याकडे होती ते कारागिराकडे येऊन म्हणू लागले, नव्या गाडीचे ब्रेक आणि डिफरन्शियल आमच्या जुन्या गाडीला बसवून द्या. भंगारात आलेल्या १.८ गाड्यांमधून हे भाग स्वस्तात मिळत होते.

ब्रेकचे काम तुलनेने सोपे आहे. पुढची डिस्क २३५ मिलिमीटरच्या जागी २५५ ची येते, कॅलिपर जुनाच चालतो, फक्त त्याला धरणारा ब्रॅकेट बदलावा लागतो. डिस्क मोठी झाली की तेवढ्याच दाबाने चाक अधिक जोराने धरले जाते, आणि उष्णता झेलायला लोखंडही जास्त मिळते.

डिफरन्शियलचे काम मात्र एवढ्यावर संपत नाही. नवे डिफरन्शियल जुन्या शाफ्टांना जुळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे हाफ-शाफ्ट बदलावे लागतात, मधला प्रोपेलर शाफ्टही बदलावा लागतो. इथपर्यंत कोणताही बरा मेकॅनिक पोहोचतो, कारण भाग बसतच नाही म्हटल्यावर तो शोध घेतोच. यापुढची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. जुन्या डिफरन्शियलचे प्रमाण ४.३० होते, नव्याचे ४.१०. या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. प्रमाण बदलल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सचा शाफ्ट आधीपेक्षा कमी फिरतो, आणि काटा खरा वेग दाखवीत नाही. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असताना काटा ९५ च्या आसपास दाखवतो. गाडी व्यवस्थित चालते, आवाज नाही, गळती नाही, गिऱ्हाईक खूश. पण त्याच्या डोळ्यांसमोरचा काटा त्याला रोज खोटे सांगत असतो.

"चाचा, हे जो गिऱ्हाइकाला सांगतो आणि काट्याचा गिअरही बदलून देतो तो खरा कारागीर," असे तो मुलगा म्हणाला. मला त्याच्या हुन्नराची खात्री तेव्हा पटली. पण त्याच वेळी माझ्या मनात एक जुनी गोष्ट जागी झाली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुलीचा धडा

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात मालाची घाई होती. दुसऱ्या बनावटीच्या सांच्यावरून उतरवलेल्या काही मोटर-पुल्या माझ्याकडे पडून होत्या. आमच्या पुल्यांपेक्षा त्या थोड्या मोठ्या होत्या. मोटरवरची पुली मोठी केली की सांचा जलद चालतो, हे कोणीही सांगेल. मी फिटरला त्या बसवायला सांगितल्या. हा फिटर म्हणजे याच मुलाचे वालिद. ते म्हणाले, "शेठ, वेग वाढेल, पण मग पिकिंग नव्याने लावावी लागेल, पेटीतले चामडे आणि चापही बदलावे लागतील. दोन दिवस द्या." मी म्हणालो, "आधी माल निघू दे, ते नंतर बघू."

तीन दिवस माल भराभर निघाला. चौथ्या दिवशी शटल पेटीत न थांबता बाहेर उडाली आणि शेजारच्या सांच्यावर काम करणाऱ्या माणसाच्या भुवईवर बसली. अल्लाहची कृपा म्हणून डोळा वाचला. दवाखान्याचा खर्च मी केला, त्याची हजेरीही दिली. पण तो माणूस त्यानंतर शटलच्या बाजूला उभा राहताना मान वळवून उभा राहायचा, ते मी वर्षानुवर्षे पाहत होतो.

चूक पुलीची नव्हती, फिटरचीही नव्हती. धावण्याचा जोर वाढवला आणि थांबवण्याचा जोर तसाच ठेवला, ही चूक होती, आणि ती माझी होती. मोटारीतही नेमके हेच घडते. मोठे इंजिन बसवणाऱ्याला पैसे मिळतात, वाहवा मिळते. ब्रेक, रेडिएटर, क्लच, सांगाडा, टायर हे वाढवण्याला खर्च येतो आणि वाहवा मिळत नाही. म्हणून ते 'नंतर बघू' मध्ये जाते. सांच्यावर शटल उडते. रस्त्यावर उडते ती माणसाने भरलेली गाडी.

मोठ्या नावांची सुरुवात

आता कोणी म्हणेल की, मग हे कामच वाईट. तसेही नाही. आज ज्या स्पोर्ट्स कारच्या नावाने लोक मान डोलावतात, त्यांतल्या काहींची सुरुवातच परक्या पुर्ज्यांवर झाली आहे.

पोर्शेचेच पाहा. महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील ग्म्युंड नावाच्या छोट्या गावी, लाकूड कापण्याच्या जुन्या कारखान्यात, १९४८ साली पोर्शे नावाची पहिली गाडी बनली. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन हे सर्व फोक्सवॅगनच्या साध्या जनता-मोटारीचे होते. इंजिन ११३१ सीसीचे, सुधारून ३५ अश्वशक्तीचे केलेले. सांगाडा आणि वरचे हलके शरीर तेवढे त्यांचे स्वतःचे. पण दोन गोष्टी आपण नीट लक्षात घ्याव्यात. एक, ८ जून १९४८ रोजी तिथल्या कॅरिन्थिया प्रांताच्या सरकारकडून या एका गाडीसाठी त्यांनी रीतसर मंजुरी घेतली. दुसरी, त्याच वर्षी त्यांनी फोक्सवॅगनशी लेखी करार केला आणि सुटे भाग मिळण्याची पक्की सोय केली. हातात हुन्नर होता, पण तो कागदावरही आणला. म्हणून पुढे त्याची कंपनी झाली.

दुसरे उदाहरण कोब्राचे. इंग्लंडमध्ये एसी नावाची छोटी कंपनी 'एस' नावाची हलकी स्पोर्ट्स कार बनवीत असे. तिला इंजिन पुरवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीने ते इंजिन बनवणे थांबवले. अमेरिकेतले शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी १९६१ मध्ये एसीला पत्र लिहिले की, तुमच्या सांगाड्यात अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवू. फोर्डने इंजिन दिले, आणि १९६२ च्या सुरुवातीला पहिली कोब्रा तयार झाली. इंजिन बसले म्हणून त्यांनी काम संपवले नाही. एसीने सांगाडा बळकट केला, मागे जॅग्वारच्या ई-टाइपला असते तसे दणकट डिफरन्शियल घातले. पुढे १९६५ मध्ये सात लिटरचे प्रचंड इंजिन घालायचे ठरले तेव्हा जुना सांगाडा चालणार नाही हे ओळखून नवा बनवला. मुख्य नळ्या तीन इंचांच्या जागी चार इंचांच्या केल्या आणि पाट्याच्या स्प्रिंगा काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा दिल्या. इंजिन वाढले तेव्हा त्याचा भार झेलणारे सगळे वाढवले. आमच्या फिटरने मागितलेले दोन दिवस ते हेच.

याच कोब्राची दुसरी एक हकीकत प्रसिद्ध आहे. सुरुवातीला गाडी एकच होती, पण वेगवेगळ्या मासिकांना चाचणीसाठी देताना ती दर वेळी नव्या रंगात रंगवून दिली जाई, म्हणजे पुष्कळ गाड्या तयार आहेत असे वाटावे. व्यापारी जगात ही हुशारी म्हणून सांगितली जाते. आपल्याला ती हुशारी म्हणून घेता येणार नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे कोरडे आणि आतले ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. गाडीचा रंग असो, स्पीडोमीटरचा काटा असो, वा बोनेटखालचे वेल्डिंग असो, ओले धान्य खाली दडवण्याचाच तो प्रकार आहे.

तिसरे उदाहरण जपानचे, आणि आपल्या छोट्या कारागिरांना सर्वांत जवळचे. निसान कंपनीच्या सिल्व्हिया आणि १८०एसएक्स या दोन गाड्या एकाच सांगाड्यावर बनत. १८०एसएक्सचे पुढचे दिवे वर उघडणारे होते. घाटात आणि शर्यतीत गाडी घसरवणाऱ्या तरुणांचे पुढचे तोंड वारंवार फुटे. नवे दिवे, बोनेट महाग. सिल्व्हियाचे तोंड स्वस्त आणि हलके. गॅरेजवाल्यांनी १८०एसएक्सला सिल्व्हियाचे तोंड बसवायला सुरुवात केली, आणि दोन्ही नावे जोडून लोक त्या गाडीला 'सिल-एटी' म्हणू लागले. गरजेतून निघालेली ही दुरुस्ती इतकी लोकप्रिय झाली की, १९९८ मध्ये किड्स हार्ट नावाच्या दुकानाने निसानच्या संमतीने अशा गाड्या तयार करून विकल्या. गल्लीतले काम कंपनीच्या दारातून बाहेर आले.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे, आणि ते कापडाच्या घरातूनच आले आहे. कोइम्बतूरच्या लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन एकट्या चालकाची शर्यतीची गाडी तयार केली. तिला 'फॉर्म्युला मारुती' म्हणत. महागड्या परदेशी गाडीच्या तुलनेत ती स्वस्त होती, तिचे भाग कुठेही मिळत, म्हणून सामान्य तरुणांना शर्यतीत उतरता आले. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन हेही सुरुवातीला याच गाडीवर शिकले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकला त्यांचे नाव दिले आहे. त्यांनी परका पुर्जा घेतला, पण तो ट्रॅकवर वापरला, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो आता कायद्यात येतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ घालण्यात आले. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात ठेवली. सुरक्षेचे म्हणून सरकारने जाहीर केलेले भाग निकृष्ट विकणाऱ्यासाठी त्याहून मोठी, एक वर्षापर्यंत कैदेची आणि प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद केली. सुट्या भागांचे दुकान असलेल्या बांधवांनी हे विसरू नये.

सर्व दारे बंद आहेत असा याचा अर्थ नाही. सीएनजीसारखे इंधन-बदलाचे मान्यताप्राप्त किट नियमाप्रमाणे बसवता येते. खराब झालेले इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आणि नोंद यांची रीत आहे. आरसीवर चॅसिस नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो. तो जुळला नाही की पहिला संशय चोरीचा येतो, आणि संशय प्रथम मालकावर, मग मेकॅनिकवर येतो. अपघात झाला तर विमा कंपनीही विचारते की, हा बदल आम्हाला कळवला होता का? कळवला नसेल तर पैसे अडतात.

आक्षेप आणि उत्तर

मी हे मेकॅनिक बांधवांशी बोललो तेव्हा तीन आक्षेप पुढे आले. तिन्हींत काही सत्य आहे.

पहिला आक्षेप, "कायदा गरिबालाच लागतो." जर्मनीत बदललेल्या भागाचा दाखला असतो, तपासणी संस्था गाडी पाहते आणि बदल गाडीच्या कागदावर चढतो. जपाननेही १९९५ मध्ये बदलांचे नियम सैल केले, आणि मोठ्या बदलासाठी तपासणी करून घेण्याची वाट तिथे आहे. आपल्याकडे एका मेकॅनिकने चांगले काम केले तर ते तपासून घेण्याची अशी सोपी वाट नाही. ही मागणी आपल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी लेखी, एकत्र येऊन केली पाहिजे. पण वाट नाही म्हणून कुंपण तोडायचे, हे उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप, "सगळेच करतात." सगळे करतात त्या गोष्टीने रस्त्यावरचा मुलगा वाचत नाही. हिशेबाच्या दिवशी प्रत्येकाची वही वेगळी उघडणार आहे, शेजाऱ्याची वही दाखवून सुटका नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो माझाही आहे. "कागद आपल्याला जमत नाही." मी उर्दू शाळेत शिकलो. मराठी अर्ज आणि इंग्रजी नियम समोर आले की माझीही छाती धडधडायची. जकात नाक्यावरच्या चलनांनी आणि विक्रीकराच्या नोटिसांनी मला मराठी शिकवली. आपले कितीतरी कारागीर हातात सोने असून केवळ कागदाच्या भीतीने आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली काम करतात. गाडी ते बनवतात, बिल दुसरा फाडतो, फळ्यावर नाव तिसऱ्याचे. आणि काही बिघडले की दोष मात्र त्यांचा. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ज्या उम्मतला लिहिण्याचा एवढा आग्रह सांगितला, तिच्या कारागिराने कागदापासून पळावे, हे शोभत नाही. स्वतःला जमत नसेल तर शिकलेल्या मुलीला, पुतण्याला बसवा. महिन्याला चार पैसे द्या, पण लिहा.

मी घातलेल्या अटी

दोन महिन्यांनी तो तरुण आला तेव्हा मी त्याच्यापुढे पाच अटी ठेवल्या. याच धंद्यात पैसा लावणाऱ्या कोणालाही त्या उपयोगी पडतील म्हणून देतो.

१. बिलाशिवाय एकही पुर्जा आत येणार नाही. भंगारातून घेतला तरी विकणाऱ्याचे नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. परदेशातून आला असेल तर कस्टमचे कागद. स्वस्त आहे पण कुठून आला ते सांगता येत नाही, असा भाग चोरीचा समजून परत करायचा. चोरीच्या मालातला नफा आपल्याला हलाल नाही, मग तो कितीही हातांतून आलेला असो.

२. जोर वाढवण्याचे काम घेण्याआधी थांबवण्याचे काम. ब्रेक, टायर, रेडिएटर, सांगाडा यांचा खर्च धरूनच भाव सांगायचा. गिऱ्हाईक म्हणाले, "ब्रेक नंतर," तर काम सोडून द्यायचे.

३. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे काम आरटीओच्या परवानगीत बसेल तेवढेच. जे बसणार नाही ते फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला, आणि तसे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यायचे. शंका असेल तेथे आरटीओला लेखी विचारायचे आणि उत्तर फाइलला लावायचे.

४. प्रत्येक गाडीची एक वही. कोणता भाग कोणत्या मॉडेलचा, कोणती मापे बदलली, कोणता बोल्ट किती आवळला, काटा किती चुकतो, पुढच्या मेकॅनिकने काय पाहावे, सर्व त्यात. वहीची एक प्रत गिऱ्हाइकाला. ती गाडी पाच वर्षांनी दुसऱ्याच्या हाती गेली तरी त्याला कळले पाहिजे की बोनेटखाली काय आहे.

५. बिलावर त्याचे स्वतःचे नाव आणि सही.

पाचवी अट ऐकून तो थोडा थांबला. बाकीच्या चार अटी खर्चाच्या होत्या, ही भीतीची होती. मी त्याला मुदारबतचा नियम सांगितला. नुकसान झाले तर माझे भांडवल जाते, त्याची मेहनत जाते. त्याच्यावर पैशाचा बोजा येत नाही. पण नुकसान त्याच्या बेपर्वाईने झाले असेल तर भरपाई त्याची. बेपर्वाई झाली की नाही हे ठरवणार कोण आणि कशावरून? त्याच्या वहीवरून आणि सहीवरून. म्हणजे ज्या कागदाची त्याला भीती वाटते, तोच उद्या त्याला वाचवणार आहे. माझ्या कारखान्यात त्या दिवशी त्याच्या वालिदांचे म्हणणे कुठे लिहिलेले असते, तर सर्वांना कळले असते की त्यांनी इशारा दिला होता. ते लिहिलेले नव्हते, म्हणून कितीतरी दिवस लोक फिटरलाच दोष देत राहिले, आणि मीही फार उशिरा तोंड उघडले. ही गोष्ट मी त्या मुलाला प्रथमच सांगितली.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक जाड वही घेऊन आला. पहिल्या पानावर त्याने उर्दूत बिस्मिल्लाह लिहिले होते आणि खाली मराठीत रकाने आखले होते, गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, भाग, कुठून आला, कोणी बसवला. शेवटच्या रकान्यावर 'सही' असे लिहिले होते.

आम्ही करार केला. रक्कम मोठी नाही, आणि पहिले वर्ष फक्त ब्रेक, सस्पेन्शन आणि मूळ बनावटीच्या दुरुस्तीचे काम घ्यायचे असे ठरले आहे. फायदा किती होईल ते अल्लाह जाणे. पण आपल्या ज्या बांधवांकडे थोडा पैसा आहे त्यांना माझी विनंती आहे की, अशा हुन्नरी मुलांना 'जुगाडवाला' म्हणून परत पाठवू नका, आणि आंधळेपणाने पैसाही देऊ नका. हात पाहा, मग वही पाहा. दोन्ही असतील तर सोबत उभे राहा. आणि मेकॅनिक बांधवांना एवढेच सांगतो की, पुर्जा परका असला तरी तो ज्या गाडीत तुम्ही बसवला त्या गाडीत बसणारी माणसे तुमच्याकडे अमानत आहेत. अमानतीची नोंद ठेवा.